संदेशाचा अर्थ कोण लावतो?

चार अक्षरे आणि वीस घटक

रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, अन्नाचे पचन घडवून आणणारी विकरे, स्नायूंच्या आकुंचनास कारणीभूत होणारे मायोसिन, रोगजंतूंशी सामना देणारी प्रतिपिंडे आणि रक्तातील शर्करेचे नियमन करणारे इन्सुलिन यांची कार्ये परस्परांहून अत्यंत भिन्न असली, तरी त्यांची घडण एकाच प्रकारची आहे; ती सारी प्रथिने आहेत, आणि प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून निवडलेले घटक एका ठरावीक क्रमाने एकापुढे एक जोडून झालेली साखळी होय. हा क्रम खरोखरच ठरावीक असतो, की एकाच नावाच्या प्रथिनाच्या दोन रेणूंतही तो थोडाफार बदलतो, याविषयी दीर्घकाळ संशय होता. फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिज येथे सुमारे दहा वर्षे अखंड परिश्रम करून १९५५ पर्यंत इन्सुलिनमधील सर्व ५१ अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला, तेव्हा तो संशय कायमचा फिटला. एकाच जातीच्या प्राण्याच्या इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूत तोच क्रम, यत्किंचितही फेरफार न होता, आढळतो. मानवी हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्ले असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाची जागा मुक्रर असते. अर्थात ही जागा मुक्रर कोण करतो, हा प्रश्न सँगर यांच्या यशाबरोबरच ऐरणीवर आला.

त्याचे अर्धे उत्तर १९५३ मध्येच मिळालेले होते. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रेणूची जी दुपेडी रचना दाखवून दिली, तीवरून हे स्पष्ट झाले की आनुवंशिक माहिती ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन या चार घटकांच्या क्रमात साठविलेली असते. अभ्यासक त्यांचा उल्लेख ए, जी, सी आणि टी अशा आद्याक्षरांनी करतात, आणि आरएनए या दुसऱ्या न्यूक्लिइक आम्लात टीच्या जागी युरॅसिल, म्हणजे यू, येतो. एकीकडे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आणि दुसरीकडे वीस घटकांची साखळी. या दोहोंमध्ये काही निश्चित नाते असलेच पाहिजे, हे तर उघडच होते. जॉर्ज गॅमॉव्ह या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या नात्याचे गणित मांडले. एका अमिनो आम्लासाठी एकच अक्षर योजले, तर चारच आम्लांची सोय लागते; दोन अक्षरांची जोडी योजली, तर सोळांची; तीन अक्षरांचे त्रिकूट योजले, तर मात्र चौसष्ट संकेत हाती येतात, आणि वीस आम्लांची तजवीज होऊन काही शिल्लकही उरतात. म्हणून संकेत त्रिकुटांचा असावा, असे त्यांचे अनुमान होते, आणि ते पुढे खरे ठरले.

परंतु त्रिकूट आणि आम्ल यांची गाठ प्रत्यक्षात कशी पडते, याविषयीची गॅमॉव्ह यांची कल्पना मात्र टिकली नाही. डीएनएच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या आकारांच्या पोकळ्या असून त्यांत ती ती अमिनो आम्ले नेमकी जाऊन बसत असावीत, असे त्यांना वाटत होते. ही कल्पना देखणी होती. पण रसायनशास्त्राचा तिला आधार नव्हता.

मध्यस्थाची कल्पना

हा आधार नाही, ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे क्रिक यांच्या ध्यानात आली. गॅमॉव्ह यांनी १९५४ मध्ये या प्रश्नात रस घेणाऱ्या वीस शास्त्रज्ञांचे एक मंडळ स्थापन केले होते, आणि प्रत्येक सभासदाला एकेका अमिनो आम्लाचे नाव दिले होते. या मंडळाच्या सभासदांना क्रिक यांनी १९५५ च्या आरंभी एक टिपण पाठविले. त्यातील युक्तिवाद असा की, ल्युसिन, व्हॅलिन किंवा फेनिलॲलनिन यांसारख्या तेलकट प्रकृतीच्या आम्लांना न्यूक्लिइक आम्लातील अक्षरे ओळखता यावीत, असे त्यांच्या रेणूत काहीही नाही. न्यूक्लिइक आम्लाचे अक्षर ओळखण्याची पात्रता दुसऱ्या न्यूक्लिइक आम्लाच्या अक्षराच्या ठायीच असते, कारण ए आणि यू, तसेच जी आणि सी, या जोड्या परस्परांना पूरक आहेत. तेव्हा प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक लहानसा मध्यस्थ रेणू असला पाहिजे. त्याचे एक टोक संदेशातील त्रिकुटाशी जुळावे आणि दुसऱ्या टोकाला ते विवक्षित आम्ल जोडलेले असावे. आणि आम्ल व मध्यस्थ यांची सांगड घालणारी विकरेही स्वतंत्र असावीत, बहुधा वीस आम्लांना वीस. कोणताही प्रयोग हाती नसताना, केवळ तर्काच्या बळावर, पेशीतील एका समग्र यंत्रणेचे इतके अचूक भाकीत करण्याचे उदाहरण जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.

त्याच सुमारास बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पॉल झॅमेक्निक आणि माहलन होगलंड हे उंदराच्या यकृताच्या पेशी वाटून त्यांच्या रसात प्रथिने कशी तयार होतात, याचा शोध किरणोत्सर्गी अमिनो आम्लांच्या साहाय्याने घेत होते. त्यांना असे आढळले की आम्ले थेट साखळीत जात नाहीत. प्रथम पेशीतील एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या योगाने ती सक्रिय होतात, नंतर एका लहान आरएनएला चिकटतात, आणि त्यानंतरच प्रथिनात दाखल होतात. क्रिक यांनी कल्पिलेला मध्यस्थ तो हाच. त्याला आज वाहक आरएनए म्हणतात. रॉबर्ट हॉली यांनी कॉर्नेल येथे १४० किलोग्रॅम यीस्टपासून महत्प्रयासाने अवघा एक ग्रॅम शुद्ध वाहक आरएनए, तोही केवळ ॲलनिनचा, मिळवला, आणि १९६५ मध्ये त्यातील सर्व ७७ अक्षरांचा क्रम प्रसिद्ध केला; कोणत्याही न्यूक्लिइक आम्लाचा संपूर्ण क्रम वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे या रेणूचा प्रत्यक्ष आकार उलगडला, तेव्हा तो काटकोनात वळलेला दिसला: एका टोकाशी संदेशातील त्रिकुटाला पूरक असणारे त्रिकूट, आणि तेथून सुमारे साडेसात नॅनोमीटर दूर, दुसऱ्या टोकाशी, अमिनो आम्ल. संदेशाचे अक्षर आणि प्रथिनाचा घटक यांची प्रत्यक्ष भेट कधीच होत नाही, ही गोष्ट वाचकाने येथेच मनाशी नोंदवून ठेवावी. कारण या प्रकरणाचा सारा निष्कर्ष तीवर आधारलेला आहे.

संदेश आणि त्याचे वाचन

डीएनए पेशीच्या केंद्रकात राहतो आणि प्रथिने केंद्रकाबाहेर तयार होतात, हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पूर्वीच समजले होते. प्रथिनांची निर्मिती ज्या सूक्ष्म कणांवर होते, त्यांचे दर्शन जॉर्ज पलाडे यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घडविले. ते कण म्हणजे रायबोसोम. प्रत्येक रायबोसोम एकाच प्रथिनाचा हुकूम आपल्या अंगीच बाळगून असतो, असा पुढली काही वर्षे समज होता. सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा झाकोब आणि क्रिक यांच्यात १९६० च्या वसंतात केंब्रिज येथे झालेल्या एका चर्चेत हा समज डळमळला, आणि त्याच वर्षी ब्रेनर व झाकोब यांनी कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन यांच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगाने तो पार मोडीत निघाला. जिवाणूवर विषाणूचा हल्ला झाल्यानंतर नवे रायबोसोम तयार होत नाहीत. विषाणूच्या जनुकांची अल्पायुषी आरएनए-नक्कल जिवाणूच्या जुन्याच रायबोसोमवर जाऊन बसते आणि ते रायबोसोम विषाणूची प्रथिने घडवू लागतात. म्हणजे रायबोसोमला स्वतःचा असा कोणताही मजकूर नाही. जो संदेश येईल, त्याबरहुकूम तो काम करतो. या नकलेलाच संदेशवाहक आरएनए असे नाव मिळाले.

संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, हे सिद्ध होणे अद्याप बाकी होते, आणि ते १९६१ च्या अखेरीस क्रिक, ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूवर केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले. त्यांचे तर्कशास्त्र समजण्यास बालपणी गिरविलेल्या काना-मात्रा नसलेल्या पाठाचे साहाय्य घेता येईल. 'छगन सरक मदन कमळ उचल' हे वाक्य शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता लिहिले आणि तीन-तीन अक्षरे तोडून वाचावयाची, एवढाच नियम ठेवला, तर अर्थ नीट लागतो. आता त्यातील 'ग' हे एकच अक्षर गाळले, तर वाचन 'छनस रकम दनक मळउ चल' असे होते; मधूनच एखादा शब्द योगायोगाने ओळखीचा वाटला, तरी पहिल्या दोषानंतरचे सारे वाक्य नासते. परंतु 'ग' बरोबरच पुढील 'स' आणि 'क' हीदेखील गाळली, तर 'छनर मदन कमळ उचल' असे उरते, आणि आरंभीचा थोडा भाग बिघडला, तरी पुढचे वाक्य पुन्हा ताळ्यावर येते. विषाणूच्या एका जनुकात एकाच प्रकारचे एक किंवा दोन बदल घडविले, तर जनुक निकामी होते. तसे तीन बदल एकत्र आणले, तर ते बऱ्याच अंशी पुन्हा कार्यक्षम होते, असे या शास्त्रज्ञांना आढळले. संकेत तिनाचा आहे, त्यात विरामचिन्हे नाहीत, आणि वाचन एका ठरावीक बिंदूपासून सुरू होते, या तिन्ही गोष्टी एका अक्षराचेही रासायनिक पृथक्करण न करता अशा प्रकारे निश्चित झाल्या.

संकेतांचा उलगडा

कोणत्या त्रिकुटाचे कोणते आम्ल, हे मात्र तर्काने सांगता येण्यासारखे नव्हते. त्याचा पहिला दाखला अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, २७ मे १९६१ च्या पहाटे, मिळाला. मार्शल निरेनबर्ग यांचे सहकारी हाइनरिख मत्थाई यांनी जिवाणूंच्या पेशीरसात केवळ यू या एकाच अक्षराचा बनविलेला कृत्रिम आरएनए मिसळला, आणि केवळ फेनिलॲलनिनची साखळी तयार झालेली त्यांना दिसली. यूयूयू म्हणजे फेनिलॲलनिन, असा चौसष्टांपैकी पहिला संकेत वाचला गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जीवरसायन परिषदेत निरेनबर्ग यांनी हा निष्कर्ष मांडला, तेव्हा श्रोते मोजकेच होते. क्रिक यांच्या कानी ती वार्ता गेली, तेव्हा त्यांनी निरेनबर्ग यांना भरसभेत पुन्हा बोलण्याची संधी मिळवून दिली. १९६४ मध्ये फिलिप लेडर यांच्यासमवेत निरेनबर्ग यांनी आणखी एक सोपी युक्ती शोधली: केवळ तीन अक्षरांचा आरएनए रायबोसोमला जोडला, तरी त्याला अनुरूप असणारा वाहक आरएनए आपल्या आम्लासह तेथे येऊन बसतो, आणि मग कोणते आम्ल बसले, एवढेच पाहावयाचे राहते.

या कार्यास रसायनशास्त्राची निर्णायक जोड दिली ती हरगोविंद खोराना यांनी, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे हे भारतीय लेखकाचे कर्तव्यच आहे. पंजाबच्या मुलतान भागातील रायपूर या, आता पाकिस्तानात असलेल्या, खेड्यात त्यांचा जन्म झाला. १९२२ ची त्यांची जन्मनोंद आहे. वस्ती सुमारे शंभर माणसांची, आणि तीत लिहितावाचता येणारे कुटुंब जवळजवळ हे एकच. वडील ब्रिटिश सरकारचे पटवारी होते, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याच्या दर्जाचे गावकामगार. स्थिती बेताची असूनही त्यांनी मुलांच्या शिक्षणात कसूर केली नाही. लाहोर येथील पंजाब विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन खोराना १९४५ मध्ये लिव्हरपूलला गेले. पुढे झ्युरिक येथे व्लादिमीर प्रेलोग आणि केंब्रिज येथे अलेक्झांडर टॉड या थोर रसायनशास्त्रज्ञांच्या सान्निध्यात त्यांची तयारी झाली. मध्यंतरी ते स्वदेशी परतले होते. परंतु त्यांच्या योग्यतेची जागा त्यांना येथे मिळाली नाही. १९५२ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर आणि १९६० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे त्यांच्या कार्याचे मुक्काम झाले.

खोराना यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी निसर्गाचा संदेश वाचण्याऐवजी स्वतःच्या इच्छेनुसार संदेश लिहिले. अपेक्षित अक्षरांचे लहान डीएनए तुकडे रासायनिक संश्लेषणाने तयार करावयाचे, विकरांच्या साहाय्याने ते लांबवावयाचे, त्यांची आरएनए-नक्कल काढावयाची, आणि मग ती पेशीरसाच्या स्वाधीन करून कोणते प्रथिन निघते, ते पाहावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. यू आणि सी ही अक्षरे एकाआड एक येणाऱ्या संदेशात यूसीयू आणि सीयूसी अशी दोनच त्रिकुटे आलटून पालटून येऊ शकतात. त्यातून सेरिन आणि ल्युसिन एकाआड एक असलेलीच साखळी निघाली. एएजी हे त्रिकूट पुनःपुन्हा लिहिलेल्या संदेशातून मात्र तीन वेगवेगळ्या साखळ्या निघाल्या: एक केवळ लायसिनची, दुसरी केवळ आर्जिनिनची आणि तिसरी केवळ ग्लुटामिक आम्लाची, कारण वाचन पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या अक्षरापासून सुरू होईल, तसे एएजी, एजीए किंवा जीएए हे त्रिकूट वाचले जाते. क्रिक आणि ब्रेनर यांनी आनुवंशिकीच्या मार्गाने काढलेला निष्कर्ष येथे रसायनशास्त्राने डोळ्यांसमोर आणून ठेवला. सर्व चौसष्ट त्रिकुटे खोराना यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली, आणि १९६६ पर्यंत संपूर्ण कोष्टक पूर्ण झाले. १९६८ चे नोबेल पारितोषिक खोराना, निरेनबर्ग आणि हॉली यांना विभागून मिळाले.

त्या कोष्टकानुसार चौसष्टांपैकी ६१ त्रिकुटे अमिनो आम्लांची आहेत, आणि यूएए, यूएजी व यूजीए ही तीन समाप्तीची. एयूजी हे मेथिओनिनचे त्रिकूट असून आरंभाची खूणही सामान्यतः तेच असते. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकेकच त्रिकूट आहे, तर ल्युसिन, सेरिन आणि आर्जिनिन यांना प्रत्येकी सहा. एकाच आम्लाची त्रिकुटे बहुधा तिसऱ्या अक्षरापुरतीच वेगळी असतात, त्यामुळे लेखनातील पुष्कळ चुका अर्थाला धक्का न लावता पचून जातात.

रायबोसोममधील व्यवहार

आता प्रत्यक्ष कार्य कसे चालते, ते पाहू. रायबोसोमचे एक लहान आणि एक मोठे असे दोन भाग असतात, आणि काम नसताना ते परस्परांपासून अलग राहतात. संदेशवाहक आरएनएवर प्रथम लहान भाग बसतो, आरंभीचे एयूजी शोधतो, मेथिओनिन घेऊन आलेला वाहक आरएनए तेथे स्थिर होतो, आणि मग मोठा भाग येऊन वरून जडतो. या जोडणीत वाहक आरएनएसाठी तीन स्थाने असतात. पहिल्यात नवा वाहक आपल्या आम्लासह दाखल होतो. दुसऱ्यात आतापर्यंत झालेली साखळी धरलेला वाहक असतो. तिसऱ्यातून रिकामा झालेला वाहक बाहेर पडतो. नव्या वाहकाचे त्रिकूट संदेशातील त्रिकुटाशी जुळले, की साखळी जुन्या वाहकावरून सुटून नव्या आम्लाला जोडली जाते, रायबोसोम तीन अक्षरे पुढे सरकतो, आणि हाच क्रम पुन्हा सुरू होतो. वाढती साखळी मोठ्या भागातील एका बोगद्यातून बाहेर येत राहते. समाप्तीचे त्रिकूट आले, की त्याला जुळणारा वाहक नसल्यामुळे विशेष प्रथिने तेथे येऊन साखळी मोकळी करतात, आणि रायबोसोमचे दोन्ही भाग नव्या कामासाठी विलग होतात.

जिवाणूंत हे काम सेकंदाला पंधरा ते वीस आम्लांच्या वेगाने चालते, म्हणजे तीनशे आम्लांचे प्रथिन पाव मिनिटाच्या आसपास पुरे होते. मानवी पेशीतील वेग याहून बराच मंद आहे. एकेका आम्लाच्या जोडणीमागे एटीपी आणि जीटीपी या ऊर्जावाहक रेणूंतील निदान चार उच्च-ऊर्जा बंध खर्ची पडतात. एवढा खर्च केवळ जोडणीसाठी लागत नाही. त्याचा मोठा वाटा अचूकतेच्या खातरजमेसाठी जातो, आणि सर्व व्यवहारात चूक होण्याचे प्रमाण साधारणतः दहा हजार आम्लांत एखाद्या चुकीइतके अल्प राहते.

रायबोसोमची अणुपातळीवरील रचना २००० च्या सुमारास उलगडली, आणि त्यासाठी अदा योनाथ, थॉमस स्टाइट्झ आणि वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, परंतु त्यांचे बालपण बडोद्यास गेले, आणि भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये घेतली. मराठी राजवटीने जोपासलेल्या विद्यानगरीत हे घडावे, याचे मराठी वाचकास समाधान वाटल्यावाचून राहणार नाही. त्यांच्या गटाने दाखवून दिले की रायबोसोमच्या लहान भागातील आरएनएची काही अक्षरे संदेशाचे त्रिकूट आणि वाहकाचे त्रिकूट यांच्या जुळणीची बारकाईने तपासणी करतात. स्टाइट्झ आणि त्यांचे सहकारी पीटर मूर यांनी मोठ्या भागाच्या रचनेवरून असे दाखविले की साखळीची जोडणी जेथे घडते, त्या स्थानी प्रथिन नाहीच. ते कार्य आरएनए स्वतःच करतो.

अर्थाचे खरे स्थान

इतके ज्ञान झाल्यावर संदेशाचा अर्थ रायबोसोममध्ये लागतो, असे म्हणावयास हरकत नाही, असे वाटेल. परंतु या समजाची परीक्षा १९६२ मध्येच झाली होती, आणि माझ्या मते या सर्व इतिहासातील तो सर्वांत बोलका प्रयोग होय. फ्रान्स्वा शापव्हील, फ्रिट्झ लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीन या आम्लाच्या वाहक आरएनएला सिस्टीन रीतसर जोडून घेतले, आणि मग, ते वाहकाला जोडलेले असतानाच, रासायनिक क्रियेने त्यातील गंधक काढून त्याचे ॲलनिन बनविले. आता वाहक सिस्टीनचा, पण त्यावरील आम्ल ॲलनिन. प्रथिन तयार होऊ लागले, तेव्हा संदेशात जेथे सिस्टीन सांगितले होते, तेथे बिनदिक्कत ॲलनिन बसले. रायबोसोमने वाहकाचे त्रिकूट तपासले, ते जुळले, आणि त्याने जे आणले, ते स्वीकारले; आम्ल कोणते, याची चौकशी त्याने केली नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. त्रिकूट आणि आम्ल यांचे नाते रायबोसोममध्ये ठरत नाही. ते त्याआधी, वाहकाला आम्ल जोडणाऱ्या विकरांच्या ठायी ठरते. सर्वसाधारणपणे प्रत्येक आम्लासाठी असे एक विकर असते, आणि आनुवंशिक संकेताचे कोष्टक खऱ्या अर्थाने ठाऊक असणारे पेशीतील घटक हेच होत. त्यांचे काम किती अवघड आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. व्हॅलिन आणि आयसोल्युसिन या आम्लांच्या रेणूंत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणू एवढाच फरक आहे, आणि आकाराने लहान असलेले व्हॅलिन आयसोल्युसिनच्या पोकळीत सहज शिरू शकते. केवळ आकारावरून निवड केली, तर सुमारे विसांत एक चूक व्हावी, असा लायनस पॉलिंग यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात ती सुमारे तीन हजारांत एक होते. ॲलन फर्श्ट यांनी सत्तरच्या दशकात त्याचे कारण स्पष्ट केले. या विकरात दोन पोकळ्या असतात. पहिलीत आयसोल्युसिनहून मोठी आम्ले मावत नाहीत; दुसरीत आयसोल्युसिन मावत नाही, परंतु चुकून निवडलेले व्हॅलिन मावते, आणि तेथे त्याची जोडणी तोडली जाते.

वाहक बदलला, तर संदेशाचे एकही अक्षर न बदलता त्याचा अर्थ पालटतो, याचे दाखले निसर्गातही आहेत. मानवी पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या अंगकांना स्वतःचा लहानसा डीएनए आणि स्वतःचे वाहक आरएनए असतात. तेथे यूजीए हे त्रिकूट समाप्तीचे नसून ट्रिप्टोफॅनचे आहे, असे १९७९ मध्ये आढळले. काही जिवाणूंच्या वाहक आरएनएमध्ये एका अक्षराचा फरक पडून समाप्तीचे त्रिकूटही आम्लाचे म्हणून वाचले जाते, आणि जनुकातील दोष त्यायोगे झाकला जातो. खोराना यांनी १९७६ मध्ये जे कृत्रिम जनुक जिवंत जिवाणूत कार्यक्षम करून दाखविले, ते अशाच एका दोष झाकणाऱ्या वाहक आरएनएचे होते. ज्याने संदेश लिहिण्याची कला सिद्ध केली, त्यानेच पुढे संदेशाचा अर्थ लावणारा मध्यस्थही घडविला.

येथे एक मूलगामी प्रश्न उपस्थित होतो. अर्थ लावणारी ही विकरे स्वतः प्रथिनेच आहेत. म्हणजे तीही याच यंत्रणेतून, आधीच्या विकरांच्या मदतीने, निर्माण झालेली असतात. प्रत्येक नव्या पेशीला डीएनएबरोबरच तो वाचणारी सिद्ध यंत्रणाही मातृपेशीकडून मिळते, आणि ही परंपरा अब्जावधी वर्षांत एकदाही खंडित झालेली नाही. तिचा आरंभ कसा झाला असेल, याची दिशा रायबोसोमच्या अंतर्भागातील आरएनए दाखवितो. प्रथिने येण्यापूर्वी जोडणीचे कार्य आरएनए करीत असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

चूक, औषध आणि लस

या ज्ञानाचा मानवी जीवनाशी असलेला संबंध थोडक्यात सांगून हे प्रकरण पुरे करतो. गडचिरोलीसह विदर्भात, तसेच नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या १४६ आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणे, एवढेच त्याचे मूळ कारण आहे. संदेशात जीएजीचे जीयूजी झालेले असते. वाचणारी यंत्रणा येथे निर्दोष असते, आणि चुकलेल्या संदेशाची अंमलबजावणी ती तितक्याच चोखपणे करते. हे आम्ल बदलल्याचे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिज येथे दाखवून दिले.

जिवाणूंचे रायबोसोम आपल्याहून काहीसे वेगळे असल्यामुळे त्यांनाच नेमके निकामी करणारी औषधे उपयोगात आणता येतात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमच्या लहान भागाला चिकटून वाचन चुकविते, टेट्रासायक्लिन नव्या वाहकाचा प्रवेश रोखते, आणि एरिथ्रोमायसिन साखळीचा बोगदा अडविते. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनमागोमाग स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले, तेव्हा या देशातील असंख्य क्षयरोग्यांना त्याचा आधार झाला. अलीकडे संदेशवाहक आरएनएचीच लस झाली आहे. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये यू या अक्षराचे किंचित बदललेले रूप वापरून शरीराचा प्रतिकूल प्रतिसाद कसा टाळावा, हे दाखविले, आणि त्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने तयार केलेल्या भारतातील पहिल्या आरएनए लशीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. बाहेरून आलेला संदेश आपल्या पेशी वाचू शकतात, याचे कारण असे की जिवाणूपासून मनुष्यापर्यंत संकेताचे कोष्टक, थोडे अपवाद वगळता, एकच आहे.

वाचकाने यापुढे अमक्या गुणाचे जनुक सापडले किंवा अमक्या रोगाचे जनुक ओळखले, अशी वार्ता वाचली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जनुकातील अक्षरे स्वतःहून काहीही करीत नाहीत. योग्य आम्ल योग्य वाहकाला जोडणारी विकरे आपले काम प्रामाणिकपणे करतात, म्हणूनच त्या अक्षरांना अर्थ येतो. आनुवंशिकतेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने डीएनएइतकेच लक्ष या विकरांकडेही दिले पाहिजे.